ओली वाळू आणि बसलेली बोअर

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या दिरांचा, म्हणजे दादांचा, फोन आला. ते पुण्यातल्या बावधनच्या उतारावरच्या एका सोसायटीत राहतात आणि तिथले सेक्रेटरी आहेत. "अगं, एकदा येऊन बघशील का? पावसाचं पाणी मुरवायचा पुनर्भरणाचा खड्डा उत्तम चालू आहे, पण बोअर मात्र यंदा महिनाभर आधीच बसली." खड्डा उत्तम चालू आहे हे कशावरून, असं विचारलं तर म्हणाले, "काल मी स्वतः झाकण काढून उकरून बघितलं. वरची वाळू कोरडी ठणठणीत, पण कोपरभर आत हात घातला तर गार आणि ओली. पाऊस जाऊन पाच महिने झालेत. म्हणजे पाणी मुरतंयच की!"

दादांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. त्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकीचा होता, आणि ही चूक एकट्या त्यांची नाही. भूजलाचं काम करताना कितीतरी सोसायट्यांत, शेततळ्यांवर, शोषखड्ड्यांवर मी हेच वाक्य ऐकलंय. माती ओली आहे, म्हणजे पाणी खाली जातंय. म्हणून हे एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून काढते आहे.

आधी परिस्थिती सांगते. सोसायटीत ४८ घरं, गच्ची साधारण ६०० चौरस मीटर. काही वर्षांपूर्वी गच्चीचे पाइप एकत्र आणून कंपाउंडच्या खालच्या कोपऱ्यात दोन बाय दोन मीटरचा, तीन मीटर खोल खड्डा केला होता. तळाला डबर, त्यावर ४० मिलिमीटरची खडी आणि सगळ्यात वर मीटरभर क्रश सॅन्ड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. त्यावर सिमेंटचं झाकण. खड्ड्यापासून वीसेक मीटरवर सोसायटीची बोअर, ४०० फूट खोल. मिळकत करातली सवलत सुरू झाली, पाटी लागली, आणि त्यानंतर खड्ड्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मे महिन्यातली टेकडी

मार्चमधली ओली वाळू म्हटल्यावर मला जैसलमेर आठवलं. शिकत असताना आम्ही काही जण वाळूच्या टेकड्यांतला ओलावा मोजायला तिकडे गेलो होतो, तेही मे महिन्यात. जैसलमेरला वर्षभरात २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो, आणि तिथल्या उन्हावाऱ्यात त्याच्या दहापट पाणी सहज उडून जाईल. अशा ठिकाणी मेमध्ये वाळूत काय सापडणार, असं वाटत होतं. दुपारी टेकडीवर बसवत नव्हतं, चपलेतूनही चटका बसत होता. सरांनी हातगिरमिट दिलं आणि म्हणाले, फिरवा.

पहिली वीतभर वाळू पिठासारखी सरसरत परत भोकात पडत होती. भोक टिकेचना. मग हातभर खोल गेल्यावर अचानक भोकाच्या कडा उभ्या राहिल्या. गिरमिटातून आलेल्या वाळूचा रंग फिकट पिवळ्याचा गव्हाळ झाला होता. मी मूठ वळली तर लाडू वळला गेला. मूठ उघडली तरी तो फुटला नाही, आणि तळहाताला चक्क गारवा लागला. त्या टेकडीवर शेवटचा धड पाऊस पडून आठ महिने उलटले होते.

हे होतं कसं, ते समजून घेतलं की आपल्या खड्ड्याचंही निम्मं कोडं सुटतं. टेकडीवरच्या वाळूचे कण साधारण एक दशांश ते तीन दशांश मिलिमीटरचे असतात. पाऊस पडला की या कणांमधून पाणी झपाट्याने खाली उतरतं, चिखल होत नाही, ओघळ वाहत नाही. पाऊस थांबल्यावर सुटं पाणी निथळून जातं आणि कणाकणाला चिकटलेला पातळ पापुद्रा तेवढा उरतो. आपल्याकडे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, तीच ही अवस्था. फरक एवढाच, की काळ्या मातीचा वाफसा भरपूर पाणी धरतो आणि वाळूचा अगदी थोडं. मीटरभर जाडीच्या वाळूत वाफशाला साधारण ५० ते ८० मिलिमीटर पाणी राहतं. पुढे ऊन वरची वाळू वाळवतं. वीत-दीड वीत वाळू वाळली, की वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांचा सांधा तुटतो. मग खालचं पाणी पाण्याच्या रूपात वर चढू शकत नाही, वाफ होऊन कोरड्या कणांच्या फटींतून कसंबसं बाहेर पडतं, आणि ती वाट फार संथ असते. कोरडी वाळू म्हणजे ओल्या वाळूवर घातलेलं पांघरूण.

आपल्या ज्वारीच्या मुलखात "एक कोळपणी, अर्धं पाणी" म्हणतात ते याच कारणाने. कोळप्याने वरची दोन-तीन इंच माती मोकळी केली की भेगा बुजतात, मातीचा सांधा तुटतो आणि खालची ओल पिकाला उरते. वाळवंटात ही कोळपणी ऊन आणि वारा फुकट करून देतात. म्हणूनच कोरड्या हवामानात थोड्या पावसावर वाळूची जमीन चिकणमातीपेक्षा पाणी जास्त जपते. चिकणमातीत तेवढाच पाऊस वरच्या थरात अडकतो आणि तिथूनच उडून जातो.

पण मूठभर ओली वाळू हातात आली म्हणजे भूजलात भर पडली, असं मात्र नाही. सरांनी आम्हाला त्या दुपारी हेच घोकायला लावलं. त्या लाडवातलं पाणी कणांनी धरून ठेवलेलं होतं, ते वाहत नव्हतं. खाली जायचं तर वरून आणखी पाणी येऊन त्याला ढकलावं लागतं. टेकडीत नवं पाणी जुन्या पाण्याला ओलांडून फारसं जात नाही. रांगेत मागचा माणूस पुढच्याला सरकवतो तसं ते जुन्याला खाली सरकवतं. समजा वर्षाला १० मिलिमीटर पाणी मुळांच्या खाली जातंय आणि वाळूत शेकडा पाच भाग पाणी आहे. मग ओलाव्याची ही रांग वर्षाला फक्त २० सेंटिमीटर सरकते. चार मीटर खोलीवर सापडलेलं पाणी वीस वर्षांपूर्वीच्या पावसाचं असतं. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. गिरमिट थोडं खोल गेलं असतं तर माझ्या जन्मवर्षाचा पाऊस हाताला लागला असता, या विचाराने मी रात्रभर जागी होते.

हा वेग शोधायच्या दोन युक्त्या आहेत. पहिली ट्रिटियमची, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपाची. हवेतल्या अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या आसपास जगभरच्या पावसात ट्रिटियमचं प्रमाण शिगेला पोहोचलं होतं. वाळूच्या स्तंभात ती शीग कुठल्या खोलीवर आहे हे सापडलं, की तेवढ्या वर्षांत पाणी किती उतरलं ते कळतं. दुसरी युक्ती मिठाची, आणि ती मला जास्त आवडते. पावसाच्या पाण्यात अगदी किंचित क्लोराइड असतं. पाणी उडून जातं, झाडं पाणी पितात, पण क्लोराइड मागे राहतं. म्हणून वाळूतल्या ओलाव्यात क्लोराइड जितकं दाट, तितकं पाणी वरच्या वर गेलं असं समजायचं. समजा पाऊस २०० मिलिमीटर, पावसात क्लोराइड लिटरला २ मिलिग्रॅम आणि मुळांखालच्या ओलाव्यात ४०. पाणी वीसपट आटलंय, म्हणजे २०० चे १० मिलिमीटर खाली उतरले. साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे, पण त्यासाठी चाळीस-पन्नास नमुने गिरमिटाने काढावे लागतात आणि हाताला फोड येतात.

ओली टेकडी पुनर्भरण करतेच असं का नाही, याची आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे मुळं. उघड्या टेकडीत मोठा पाऊस झाला की थोडं पाणी खोल निसटतं. त्याच टेकडीवर झुडपं आली की तीच ओल झाडाच्या वाट्याला जाते. चीनमधल्या टेंगर वाळवंटात शापोतौ इथे रेल्वेमार्गावर वाळू येऊ नये म्हणून १९५६ पासून गवताच्या पेंढ्यांचे चौकोन रोवून झुडपं लावली. टेकड्या स्थिर झाल्या, पण खोल थरातला ओलावा पुढच्या काही दशकांत घटत गेला. आपल्याकडे जोधपूरच्या 'काझरी' संस्थेने थरमध्ये टेकड्या रोखण्याचं मोठं काम केलंय, इस्रायली बाभूळ आणि फोगची झुडपं तिथे सगळीकडे दिसतात. ते काम हवंच होतं. गावं वाळूखाली जात असताना भूजलाचा हिशेब कोण करत बसेल? पण झाडं लावली म्हणजे पाणी वाढेल, हे वाक्य वाळवंटात जसंच्या तसं लागू पडत नाही, आणि हे मोकळेपणाने सांगायला हवं.

दुसरं कारण म्हणजे वाळूखाली काय आहे. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात प्रचंड पाऊस झाला आणि कवास गाव पाण्याखाली गेलं. सभोवती वाळूच वाळू. पाणी दोन दिवसांत जिरायला हवं होतं, पण ते महिनोन् महिने तसंच साचून राहिलं, कारण वाळूच्या खाली जिप्सम आणि चिकणमातीचा थर होता. जैसलमेरच्या लोकांनी मात्र याच थराचा उपयोग शेकडो वर्षं केलाय. तिकडे पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचं वाहतं-साठतं ते पालर पाणी. खोल विहिरीतलं ते पाताळ पाणी. आणि या दोन्हींच्या मधे, जिप्समच्या थरावर वाळूत अडकून राहिलेली ओल, ते रेजाणी पाणी. त्यासाठी अगदी अरुंद तोंडाची कुंई खणतात. चारी बाजूंची ओल थेंबाथेंबाने तिच्यात पाझरते आणि दिवसाला काही घागरी गोड पाणी मिळतं. रेजाणीला मराठीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. ओल म्हणावं तर ते जास्त आहे, झरा म्हणावं तर कमी. या शब्दाशी पुढे आपलं काम पडणार आहे.

स्वयंपाकघरातलं मोजमाप

रविवारी सकाळी खड्ड्याचं झाकण काढलं. मी, दादा, वॉचमनमामा आणि कमिटीतल्या एक ताई. वरची चार-पाच इंच वाळू खरोखर कोरडी होती. त्याखाली सगळी ओली. मीटरभर खणून खडी लागली, आणि तिथे गंमत दिसली. खडीला टेकलेली शेवटची तीन-चार इंच वाळू सगळ्यात जास्त ओली होती, दाबली तर बोटांना पाणी लागत होतं. तिच्या लगेच खालची खडी मात्र नुसती दमट. फटींमध्ये पाणी असं नव्हतंच.

दादा म्हणाले, "वाळूतून पाणी खाली खडीत का नाही पडत?"

मी त्यांना गॅलरीत वाळत घातलेला पंचा दाखवला. पंचा दांडीवर टाकला की थोडा वेळ थेंब पडतात, मग थांबतात. थेंब थांबल्यावरही खालचा काठ तासन् तास चिंब राहतो. कापडाच्या बारीक धाग्यांनी पाणी धरलेलं असतं, आणि खाली मोकळी हवा असल्यामुळे त्याला पुढे ओढणारं काही नसतं. वाळूची छिद्रं म्हणजे पंचा, आणि खडीच्या मोठ्या फटी म्हणजे खालची मोकळी हवा. वाळू जवळजवळ भरेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही. पावसात वर पाणी तुंबलं की दाबाने उतरतं. पाऊस थांबला की उरलेलं तिथेच लटकतं. वरून सिमेंटचं झाकण, त्यामुळे ऊनही नाही आणि वाराही नाही. ही ओल पाच महिने टिकणं अगदी स्वाभाविक होतं.

एका डब्यात मधल्या थरातली वाळू घेतली आणि घरी आले. डबा वजा करून वाळू २०० ग्रॅम भरली. ओव्हन १०५ अंशांवर ठेवून पूर्ण वाळवली, दोनदा वजन करून बदल थांबल्याची खात्री केली. १८४ ग्रॅम. म्हणजे १८४ ग्रॅम कोरड्या वाळूत १६ ग्रॅम पाणी, शेकडा पावणेनऊच्या आसपास. क्रश सॅन्डमध्ये दगडाची भुकटी जास्त असते, म्हणून ती टेकडीच्या धुतल्यासारख्या वाळूपेक्षा अधिक पाणी धरते. खड्ड्यात अशी चार घनमीटर वाळू. दर घनमीटरला दीड टन धरला तर सगळी मिळून ५०० लिटरपेक्षा जरा जास्त पाणी.

हा आकडा मी कमिटीपुढे ठेवला. माणशी १३५ लिटरच्या मानकाने चार माणसांच्या घराला दिवसाला ५४० लिटर लागतात. ज्या ओलीच्या भरवशावर आपण निश्चिंत होतो, ती म्हणजे ४८ पैकी एका घराचं एका दिवसाचं पाणी. आणि तेही जागेवर अडकलेलं.

पापडी, पाऊस आणि पंप

मेमध्ये वाळू नीट बघितली. कोरड्या थराच्या तोंडावरच राखाडी रंगाची, बोटाच्या पेराएवढी जाड पापडी होती. धूळ, कबुतरांची विष्ठा, कुजलेली पानं आणि क्रश सॅन्डची भुकटी, सगळं थिजून झालेली. गच्चीच्या पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय ठेकेदाराने ठेवलीच नव्हती. दरवर्षी जूनमध्ये गच्ची धुतलेलं सगळं थेट वाळूवर. मग हिशेब सरळ आहे. तासाभरात ५० मिलिमीटरचा पाऊस झाला तर ६०० चौरस मीटरवर ३०,००० लिटर पडतात. खड्ड्यात दगड-वाळूच्या फटींची जागा जेमतेम ५,००० लिटर. पाणी तातडीने खाली गेलं नाही तर उरलेलं ओसंडून गटारात जाणार, आणि तेच होत होतं.

पापडी खरवडली, वरची वीतभर वाळू बदलली. जूनच्या मोठ्या पावसात मी भिंतीवर खडूने रेघा मारून उभी राहिले. पाणी बघता बघता खाली गेलं. सगळे खूश. मीही खूश झाले, हे कबूल करायला हवं. प्रकरण मिटलं असं समजून मी मोजमाप बंद करणार होते.

वॉचमनमामांनी वाचवलं. आठवड्याने ते सहज म्हणाले, "मॅडम, यंदा लिफ्टच्या खड्ड्यातली मोटर लई चालतीय. रात्रीत चार-पाच वेळा." लिफ्टच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. वॉटरप्रूफिंगवर दोनदा खर्चही झाला होता. त्या पाण्याचा आणि पुनर्भरणाचा संबंध कुणी जोडला नव्हता, मीसुद्धा नाही. खाली जाऊन टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, बुडवला. बोअरचं पाणी ६४० दाखवत होतं. गच्चीचं ४०. लिफ्टच्या खड्ड्यातलं ११०. हे बोअरचं किंवा ड्रेनेजचं पाणी नव्हतं, नुकताच पडलेला पाऊस होता.

आता वाळवंटातल्या मिठाची आठवण झाली. दोन किलो साधं मीठ बादल्यांतून विरघळवून पुनर्भरणाच्या खड्ड्यात ओतलं आणि मामांच्या हाती मीटर दिला. दर तीन तासांनी दोन ठिकाणी मोजायचं, बोअर आणि लिफ्ट. त्यांनी ते काम रात्रपाळीतही चोख केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिफ्टच्या खड्ड्यातला आकडा १९० वर गेला, नंतर दोन दिवसांत हळूहळू उतरला. बोअरचा आकडा हललाही नाही.

उताराची बाजू बघितली तर सगळं जुळत होतं. आपल्याकडे बेसाल्टचे थरावर थर आहेत. बावधनच्या या उतारांवर वर थोडी माती, मग मुरूम, आणि मग एकदम घट्ट काळा पाषाण. आपला तीन मीटरचा खड्डा बरोबर त्या पाषाणावर टेकला होता. पाणी मुरमातून उतरत पाषाणापर्यंत जायचं, तिथे अडायचं आणि उताराच्या दिशेने आडवं सरकत लिफ्टच्या खड्ड्यात निघायचं. बोअरला पाणी देणाऱ्या भेगा त्याच्या कितीतरी खाली, आणि बोअरच्या वरच्या चाळीस फुटांना केसिंग, म्हणजे आतून बसवलेला बंद पाइप. उथळ पाण्याने बोअरमध्ये शिरायचं म्हटलं तरी दार बंद.

जैसलमेरला जिप्समवर अडलेल्या पाण्याला लोक रेजाणी म्हणून घागरीत भरतात. बावधनमध्ये काळ्या पाषाणावर अडलेलं तेच पाणी आम्ही पंपाने गटारात फेकत होतो, आणि त्याच वेळी टँकरला पैसे मोजत होतो. मीटिंगमध्ये हे सांगितल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या ताई म्हणाल्या, "मग मोटरचा पाइप गटाराऐवजी फ्लशच्या टाकीत का नको सोडायला?" माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणी सूचना ती होती. पाणी तपासून घेतलं आणि पंधरा दिवसांत पाइप वळवला.

जुनी कोरडी बोअर

प्रश्न उरला खरोखरच्या पुनर्भरणाचा. मुलांच्या घसरगुंडीशेजारी लोखंडी झाकण लावलेली एक बोअर होती, बिल्डरच्या काळातली, १६० फूट, कोरडी म्हणून सोडून दिलेली. कोरड्या बोअरला पाणी नसतं, पण ती पाणी घेते का हे वेगळं तपासावं लागतं. साठवलेलं गच्चीचं १,००० लिटर पाणी तिच्यात सोडलं आणि टेप टाकून पातळी बघत बसलो. वीस मिनिटांत सगळं खाली गेलं. पाषाणाखाली कुठेतरी जाळीदार किंवा भेगाळ थर तिला लागलेला होता, फक्त त्या थरात पाणी उरलेलं नव्हतं.

अशा बोअरमध्ये गच्चीचं पाणी थेट सोडणं मात्र गुन्हा मानावा असं मला वाटतं. मुरमातून जाताना पाणी जे गाळलं जातं ते इथे होत नाही. एकदा घाण भेगेत गेली की ती काढता येत नाही, आणि शेजारच्या चार सोसायट्या तेच पाणी उपसत असतात. म्हणून पुढच्या एप्रिलमध्ये जुना खड्डा गाळणीसाठी वापरायचं ठरलं. तळ आणि भिंती बंद केल्या. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व्ह बसवला. क्रश सॅन्ड काढून धुतलेली, चाळलेली वाळू भरली. वाळू आणि ४० च्या खडीच्या मधे बारीक खडीचे दोन थर घातले, म्हणजे वाळू खाली फटींत गळत नाही. गाळलेलं पाणी पाइपने जुन्या बोअरमध्ये. दर मे महिन्यात वरची दोन इंच वाळू खरवडायची, हे मामांच्या कामांच्या यादीत लिहिलं.

गच्चीवरून वर्षाला किती मिळेल, हेही आधीच स्पष्ट सांगितलं होतं. पुण्याचा पाऊस ७५० मिलिमीटर धरला आणि गळती-उडणं सोडून ८० टक्के हाती आलं, तर साडेतीन लाख लिटरच्या थोडं वर. ४८ घरांना दिवसाला सुमारे २६,००० लिटर लागतात. म्हणजे वर्षाच्या मेहनतीचं पाणी दोन आठवड्यांचं. तरी ते करायचं, कारण हे दोन आठवडे मे महिन्यातले असू शकतात.

यंदाच्या ऑक्टोबरात बोअरची पातळी मोजली. गेल्या ऑक्टोबरपेक्षा अकरा फूट वर. दादांनी लगेच ग्रुपवर टाकायला घेतलं, मी थांबवलं. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी साठायला जागा फार कमी. भूजलाच्या सरकारी अंदाजात बेसाल्टची साठवणक्षमता शेकडा २ च्या आसपास धरतात, वाळूच्या गाळाची १६. म्हणून इथे १० मिलिमीटर पाणी मुरलं तरी पातळी अर्धा मीटर चढते. वाळूत तेवढ्याच पाण्याने सहा सेंटिमीटर चढेल. बेसाल्टची पातळी लवकर हुरळून जाते आणि लवकर उतरते. शिवाय पाऊसही यंदा चांगला होता. म्हणून रस्त्यापलीकडच्या, पुनर्भरण नसलेल्या बोअरची पातळी विचारून आणली. ती सात फूट वर होती. आपल्या कष्टाचं म्हणून जे काही असेल ते उरलेल्या चार फुटांत, आणि तेही आणखी दोन-तीन वर्षं मोजल्यावर पक्कं म्हणता येईल. बोअरचा टीडीएस मात्र ऑगस्टमध्ये ६४० वरून ५६० वर आला होता, आणि हा बदल मला पातळीपेक्षा जास्त बोलका वाटतो. गोड पाणी भेगांपर्यंत पोहोचतंय.

मीटररूममध्ये खिळ्याला एक वही अडकवलीय. मामा दर रविवारी तिच्यात बोअरची पातळी, टीडीएस आणि लिफ्टची मोटर किती वेळा चालली ते लिहितात. पहिल्या पानावर दादांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय : मार्चचा दुसरा आठवडा, टेप घेऊन बोअरवर जाणे, वाळू उकरून बघू नये.